सांडलं की दामूभाऊजी

लग्न होऊन मी चौलला आले तो दिवस. वरात दारात थांबलेली. आमच्या पायांवर दूधपाणी घालायला जाऊबाई तांब्या घेऊन पुढे आल्या आणि घाईत तो त्यांच्या हातून निसटला. दूधपाणी सगळ्या पायरीवर पसरलं. कुणी काही म्हणायच्या आत गर्दीतून एक उंच, हडकुळे गृहस्थ पुढे झाले, सदऱ्याच्या डाव्या खिशातून त्यांनी मूठभर वाळू काढली आणि खाली बसून माझ्या पावलांभोवती तिचं कडं घालायला सुरुवात केली. वाळू संपली तेव्हा पुन्हा खिशात हात घातला. कडं पुरं झाल्यावर मान वर करून मला म्हणाले, "हलू नका वहिनी. पुसायचं नाही. पिऊ द्यायचं."

मला वाटलं, हा इकडचा कुळाचार असेल. म्हणून मुंडावळ्या सावरीत मी मुकाट्याने उभी राहिले. सासूबाईंचा चेहरा पाहिला तेव्हा कळलं, हा कुळाचार नव्हे, हे शेजारी आहेत.

दामूभाऊजींची आणि माझी ओळख झाली ती अशी.

आमच्या वाडीला लागूनच त्यांची वाडी. पुढे घर, मागे नारळी-पोफळी आणि बाजूच्या पडवीत सोडावॉटरचा कारखाना. कारखाना म्हणजे काय, एक तांब्याचं पिंप, हाताने फिरवायचं एक मोठं चाक आणि गोटीच्या बाटल्यांच्या रांगा. सोडा कसा होतो हे मला कुणी विचारीत नाही, तरी मी सांगू शकते, कारण दामूभाऊजींच्या शेजारी राहून ते न कळणं शक्यच नव्हतं. पिंपात खडूची पूड घालायची, तिच्यावर गंधकाचं तेजाब थोडं थोडं सोडायचं, की गॅस होतो. तो गॅस पाण्यात दाबून भरला की झाला सोडा. दत्ताच्या जत्रेत लोक ढेकर देत प्यायचे तो हाच.

ते तेजाब मुंबईहून गलबतातून रेवदंड्याच्या बंदरात यायचं. कमरेएवढ्या काचेच्या बरण्या, प्रत्येक बरणी पेंढा भरलेल्या टोपलीत बसवलेली. तिथून बैलगाडीने आमच्या आळीत. ते लाकडावर सांडलं तर लाकूड कोळशासारखं काळं होतं, कापडावर पडलं तर कापडाची चाळण होते, फरशीवर पडलं तर फरशी उकळते, हे सगळं भाऊजी येईल त्याला बसवून सांगत. माणसाच्या अंगावर पडलं तर काय होतं, एवढं मात्र ते सांगत नसत. कुणी विचारलंच तर म्हणत, "पडू द्यायचंच कशाला?" आणि उठून जात.

त्यांच्या सदऱ्याच्या डाव्या खिशात वाळू आणि उजव्या खिशात राख. दोन्ही खिसे बाराही महिने लोंबलेले. परीट कपडे न्यायला आला की आधी आळीच्या तोंडाशी उकिडवा बसून खिसे उलटे करायचा आणि भाऊजींच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचा. पण ही वाळू अशीतशी नव्हे. भरतीचं पाणी जिथवर पोचत नाही तिथली, ती आणून उन्हात वाळवलेली, चाळणीने चाळलेली. माझ्या सासूबाईंनी रव्याची जेवढी उस्तवार केली नसेल तेवढी या वाळूची होत असे. ओल्या वाळूचं नाव काढलं की भाऊजी दोन्ही कानांना हात लावत.

पडवीत चार मडकी ओळीने मांडलेली होती. वाळू, राख, खडूची पूड आणि लाकडाचा भुसा. कुणाला काय पाजायचं याचं त्यांचं एक शास्त्रच होतं.

"वाळू म्हणजे सज्जन माणूस," ते सांगत. "कितीही पाजा, तोल जायचा नाही. भुसा अधाशी. तेल द्या, रॉकेल द्या, घटाघटा पितो. पण तेजाब पाजलंत तर डोकं फिरतं त्याचं. पेटून उठतो. त्याला तेजाबाच्या पंगतीला बसवायचाच नाही. आणि राख, खडू ह्या समजूतदार सासवा. तापलेल्याला निववतात. पण हळूहळू. एकदम अंगावर गेल्या की फसफसणार."

समजूतदार सासू राखेच्या मडक्यातच सापडायची, असं तेव्हा माझ्या मनात आलं. नवी नवरी होते, बोलले नाही.

"आणि पाणी हो भाऊजी?" मी एकदा विचारलं होतं.

"पाणी सगळ्यांत शेवटी," ते एकदम हळू आवाजात म्हणाले. "तेजाबावर आधी पाणी पडलं की ते उसळतं. अंगावर येतं. आधी बाहेरून कडं, मग वरून पांघरूण. प्यायला वेळ द्यायचा. मग निववायचं, खापरीने उचलायचं, मडक्यात भरून विहिरीपासून लांब पुरायचं. हे सगळं झालं की मग पाणी."

एवढं शास्त्र तेजाबापुरतं राहिलं असतं तर त्यांना कुणी वेडं म्हटलं नसतं. पण सांडलेली वस्तू कुठली, हा भेद भाऊजींच्या डोळ्यांना दिसतच नसे. चहा, ताक, तेल, उसाचा रस, सगळ्यांना कडं. शेजारच्या आळीत सत्यनारायण होता. तिथे भटजींच्या हातून तीर्थाची पंचपात्री कलंडली. झालं. भाऊजी पाटावरून उठले आणि तीर्थावर राख! भटजी संतापाने थरथरायला लागले. "अरे, तीर्थ हाय ते, तीर्थ!" यजमान ओरडले. भाऊजी शांतपणे म्हणाले, "तीर्थ असो नाहीतर तेजाब, सांडलं की सांडलं." त्यानंतर त्यांना पूजेचं बोलावणं जाई ते आरतीनंतरचं.

आमचं वाणसामानाचं दुकान होतं. तिथे एकदा रॉकेलचा डबा फुटला. हे म्हणजे आमचे यजमान, गोणपाट घेऊन पुसायला निघाले, तोंडात पेटलेली विडी. भाऊजी वाऱ्यासारखे आले. आधी त्यांनी यांच्या तोंडातली विडी काढून बाहेर रस्त्यावर नेऊन विझवली. मग देवापुढचं निरांजन शांत केलं. मग गिऱ्हाइकांना रांगेने बाहेर काढलं, मग भुशाचं कडं, मग भुशाचं पांघरूण, आणि मग स्वतः उंबऱ्यावर बसून राहिले. "पितोय," मधून मधून सांगत. "अजून तहान हाय त्याला." दुपार कलली तरी भुशाची तहान भागेना आणि आमचं दुकान उघडेना. शेवटी तो भुसा त्यांनी टोपलीत भरला आणि लांब माळावर नेऊन पुरला. परत येऊन विहिरीवर डोक्यावरून आंघोळ केली. हे म्हणाले, "दामू, सुतक किती दिवसांचं पाळायचं, तेवढं सांग." पण एक खरं, विडीची ठिणगी पडती तर दुकान राहिलं नसतं. हे यांनाही कळत होतं. म्हणून तर ते इतके चिडले होते.

अशा माणसाला एक मुलगी होती आणि तिचं लग्न व्हायचं होतं. सगळा घोळ तिथे होता.

यमूची आई मुंबईला असतानाच तापाने गेली. भाऊजी तेव्हा मुंबईत कुणाच्या तरी सोडावॉटरच्या कारखान्यात होते. बायको गेल्यावर लहानग्या यमूला घेऊन ते गावी आले आणि दुसरं काही येत नव्हतं म्हणून इथे सोडाच करू लागले. घर सांभाळायला त्यांची विधवा बहीण, आक्का. यमू चांगली मुलगी. रंगाने सावळी, डोळे मोठे, बोलणं कमी, कामाला वाघीण. लुगडं मात्र नेहमी पायघोळ नेसायची, पावलं दिसू नयेत असं. तिच्या उजव्या पावलावर भाजल्याचा व्रण होता. लहानपणी उकळती पेज सांडली, असं आक्कांनी मला सांगितलं होतं. चालताना काही कळायचं नाही. यमूला कारखान्याच्या पडवीत पाऊल टाकायची बंदी होती. वाळू वाळवणं, चाळणं, मडकी भरणं हे सगळं ती अंगणात करी आणि मडकी उंबऱ्यावर ठेवी. तिथून पुढे बाप.

यमूला पाहायला पहिलं स्थळ आलं नागावचं. चहापाणी झालं, मुलीला नाव-गाव विचारून झालं, आणि आता जरा चालून दाखव म्हणेपर्यंत मुलाच्या मामांच्या पुढ्यातली चहाची किटली आडवी झाली. भाऊजींनी सांडलेल्या चहावर, मामांच्या पायांसकट, राख घातली. शुभकार्याला आलेल्या माणसाच्या पायांवर राख! मामा तसेच उठले. दुसरं स्थळ माणगावचं, चांगलं जमीनजुमल्याचं. तिथेही अगदी तसंच. मुलगी चालायला उठली आणि दुधाचा पेला सांडला, त्यावर वाळू, थोडी वाळू नवऱ्या मुलाच्या टोपीत. तेही गेले. मग गावात बोललं जाऊ लागलं, "पोरीत काही खोट न्हाय हो. पण असा सासरा कोण पत्करील?" यमूच्या बरोबरीच्या मुली पोरंबाळं घेऊन माहेरपणाला येऊ लागल्या. आक्का देवळात जाऊन रडायच्या. मला भाऊजींचा असा राग यायचा! स्वतःच्या पोटच्या पोरीसाठी एक दिवस खिसे रिकामे ठेवता येऊ नयेत माणसाला?

तिसरं स्थळ आलं काशीदचं. मुलगा विनायक, आईला एकुलता, वडील नाहीत. पोफळीची वाडी, स्वतःची बैलजोडी. आक्का माझ्याकडे आल्या, माझे हात धरून म्हणाल्या, "बाय, ह्ये शेवटचं. ह्ये गेलं तर माज्या पोरीचं काय खरं न्हाय. काय बी कर, पन दामूला आवर."

मी पदर खोचला. बघण्याचा कार्यक्रम आमच्या ओटीवर ठेवला. त्या दिवशी सकाळीच मी आणि आक्कांनी भाऊजींची चारही मडकी उचलून आमच्या कोठीत कोंडली, कुलूप लावलं, चावी माझ्या कमरेला. आक्कांनी भावाचे खिसे उलटे करून झटकले आणि सुई-दोरा घेऊन शिवून टाकले. भाऊजी निमूट उभे होते. शिवलेल्या खिशांवरून हात फिरवीत एवढंच म्हणाले, "सांडलं तर?"

"काही सांडणार नाही," मी म्हटलं. "वाढायला मी आहे."

पाहुणे आले. विनायकाची आई, राधाबाई, म्हणजे भरदार बाई, तोंडात पान, आवाज खाडीपलीकडे जाईल असा. तिचा अर्धा जीव मुलाला वळण लावण्यात गुंतलेला. "विनू, नीट बस. विनू, पाय हलवू नको. विनू, ती सुपारी ठेव खाली." विनू ऐकून घेत होता आणि पाय हलवीत होता, सुपारीही वरच होती. आमच्या यांनी एकदा भाऊजींकडे, एकदा विनूकडे पाहिलं आणि मला हळूच म्हणाले, "जमणार. वेड दोन्हीकडे आहे."

मी पोहे दिले. ओलं खोबरं, कोथिंबीर, पोहे सुरेख जमले होते. कोकमाच्या सरबताचं पातेलं मी मुद्दाम भिंतीशी, सगळ्यांपासून लांब ठेवलं. यमू आली, नमस्कार करून बसली. राधाबाईंनी स्वैपाकाचं विचारलं, शिवणाचं विचारलं, ओव्या येतात का विचारलं. सगळं सुरळीत. आक्का आतून डोळे मिटून जप करीत होत्या.

"बरं," राधाबाई म्हणाल्या, "पोरी, आता जरा त्या टोकापर्यंत चालून दाखव बघू. लुगडं जरा वर धर, पाऊल कसं पडतं बघू दे."

यमू उठली. आणि त्याच क्षणी भाऊजी मागे सरकले. मी त्यांच्याकडेच पाहत होते म्हणून मला दिसलं. त्यांचं कोपर मागे गेलं, पातेल्याच्या काठाला लागलं आणि त्यांनी ते ढकललं. चुकून नव्हे. पातेलं उपडं होईपर्यंत कोपर तिथेच होतं.

लालभडक सरबत ओटीभर धावत सुटलं. "हलू नका!" भाऊजी ओरडले आणि त्यांचे हात खिशांकडे गेले. खिसे शिवलेले. क्षणभर ते भांबावून इकडे तिकडे पाहत राहिले. मग त्यांनी राधाबाईंच्या हातातली पोह्यांची बशी घेतली.

"पोहे चांगले पितात," ते म्हणाले, आणि सरबताच्या बाहेरच्या काठाने पोह्यांचं कडं घालायला लागले. राधाबाईंची बशी संपली, विनायकाची घेतली. विनायक शेवटचा घास वाचवायला बघत होता, तोही गेला. मग आमच्या यांची. कडं पुरं झाल्यावर कढईतले उरलेले पोहे आणून पांघरूण घातलं. पोहे खरोखरच चांगले प्यायले, ते खोटं नाही.

राधाबाई उठल्या. "विनू, चल," म्हणाल्या. आतून आक्कांचा हुंदका ऐकू आला. यमू खांबाला धरून खाली मान घालून उभी. माझ्या डोक्यात एकच घुमत होतं. या माणसाच्या हातून मी आजवर थेंबसुद्धा सांडलेला पाहिला नव्हता. तेजाबाची बरणी तान्ह्या मुलासारखी उचलणारा माणूस, आणि त्याने पातेलं ढकललं?

पाहुणे अंगणात उतरले. नेमकी त्याच वेळी बंदरावरून भाऊजींच्या मालाची गाडी आळीत शिरली. वळणावर चाक चरात गेलं, गाडी कलली आणि मागची टोपली घसरून आमच्या दारात, पाहुण्यांच्या पुढ्यात पडली. आत काच फुटल्याचा आवाज झाला. टोपलीतून तेलासारखं दाट काहीतरी पाझरायला लागलं आणि त्याच्या वाटेतला पेंढा पाहता पाहता काळा पडून धुरावला. पिवळट धूर वाऱ्याबरोबर राधाबाईंच्या अंगावर गेला आणि त्या खोकायला लागल्या.

"पानी वता! पानी!" गाडीवान बैल सोडवीत ओरडला. विनायक धावला. विहिरीच्या कठड्यावरची भरलेली बादली त्याने उचलली.

मी भाऊजींकडे पाहिलं. जन्मभर ज्या प्रसंगाची त्यांनी तयारी केली तो प्रसंग समोर उभा होता, आणि ते पायरीवर खिळून उभे होते. नजर त्या बादलीवर. तोंड उघडं, पण आवाज नाही.

"पाणी नको! खाली ठेवा ती बादली!"

हा आवाज यमूचा. आळीत कुणी तो इतका मोठा कधी ऐकला नव्हता. विनायकाने बादली खाली ठेवली. नुसती ठेवली नाही, तिच्यापासून दोन पावलं मागेही झाला.

"बाई, तुम्ही त्या चिंचेकडं व्हा, धूर तुमच्यावर येतोय. गाडीवाले, बैल लांब न्या. काकू, चावी!"

मी कमरेची चावी काढून फेकली. यमूने लुगड्याचा काष्टा वर खोचला आणि कोठीतून वाळूचं मडकं काखेत घेऊन आली. विनायक तिच्यामागून खडूच्या पुडीचं मडकं घेऊन आला, न सांगता. ती उताराच्या बाजूने सुरू झाली, कारण तेजाब तिकडे विहिरीच्या दिशेला चाललं होतं. बाहेरून वाळूचं कडं. मग कडं आत आत ओढत आणलं. मग वरून पांघरूण. मग ती थांबली. वाळू प्याली. मग चिमटीचिमटीने खडूची पूड, ती फसफसली, शांत झाली की पुन्हा थोडी. फसफसणं अगदी बंद झालं तेव्हा खापरीने ती सगळं मडक्यात भरू लागली.

आणि या सगळ्या वेळात तिचा उजवा पाय सगळ्यांसमोर उघडा होता. मीही तो पहिल्यांदाच धड पाहिला. घोट्यापासून खाली कातडी चुरगळलेली, ठिकठिकाणी पांढरी, आणि अंगठ्याशेजारची दोन बोटं एकमेकांना चिकटून त्यांचं एकच झालेलं. पेजेने असं होत नाही, हे माझ्यासारखीलाही कळलं.

राधाबाई तो पाय पाहत होत्या. त्या पाहताहेत हे भाऊजींनी पाहिलं, आणि तेव्हा त्यांचे पाय सुटले. ते पायरी उतरून राधाबाईंसमोर गेले आणि हात जोडून उभे राहिले.

"बाई, तिच्यात काही खोट नाही," ते म्हणाले. "ते मी केलंय. मुंबईला, कारखान्यात. ही आईबरोबर माझा डबा घेऊन आली होती. बरणी फुटली नि मी घाबरलो. बादली उचलली नि ओतली. ते उसळलं नि हिच्या पायावर आलं. तेजाबानं नाही केलं ते. मी ओतलेल्या पाण्यानं केलं."

यमूच्या हातातली खापरी थांबली.

"आज सरबत मीच सांडलं," भाऊजी म्हणत होते. "नागावकरांचा चहा, माणगावकरांचं दूध, तेही मीच सांडलं. मुलीला चालून दाखव म्हटलं की मला धीर धरवत नाही. नाही म्हणायचं तर खुशाल म्हणा. पण मला बघून म्हणा, बाई. वेडा बाप म्हणा. तिच्या पायाकडं बघून नाही म्हणू नका. ते तिला जन्मभर पुरेल."

आणि मनातल्या मनात मी काय काय बोलले होते या माणसाला! आमचे हे तर सरळ भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

राधाबाईंनी तोंडातलं पान बाजूला थुंकलं. मग म्हणाल्या, "ह्यो माझा विनू. बोलायला लागल्यापासून मी याला सांगत्येय, ह्ये खाली ठेव, त्ये खाली ठेव. आजवर एकदा ऐकलंन न्हाय. ह्या पोरीनं एकदा सांगितलंन, नि बादली खाली." त्यांनी यमूकडे पाहिलं. "पाय बघितला मी तिचा. सगळे पळत होते तेव्हा तो रोवून उभा होता. मला अजून काय बघायचं हाय?"

राधाबाई पायरीवर बसल्या आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "पोहे चांगले होते हो. दोनच घास मिळाले. परत करशील काय?"

मी पोहे करायला आत गेले तर आक्का देव्हाऱ्यासमोर पालथ्या पडलेल्या. त्यांना उठवून बातमी सांगितली. त्या उठल्या आणि आधी त्यांनी भावाच्या खिशांची शिवण उसवली.

लग्नाला महिना होता तेव्हा काशीदची एक कोळीण सुकट विकायला आली आणि निरोप घेऊन आली. "राधाबाय बोलली, सोनाराला जोडवी करायला टाकायची हायेत. उजव्या पायाची दोन बोटां एक हायेत तर दोनांला मिळून एकच मोठा जोडवा करू. माप धाडा. नि बोलली, माप बापानंच घ्यायचा."

भाऊजींनी निरोप ऐकला आणि मडकी नीट लावायला लागले. लावलेलीच मडकी पुन्हा लावली. मग राख चाळली. आक्कांनी शेवटी सुताचा दोरा त्यांच्या हातात दिला. दुपारची वेळ होती, मी ओटीवर सुपारी फोडत बसले होते. यमू येऊन पायरीवर बसली आणि लुगडं घोट्यापर्यंत वर घेऊन पाय पुढे केला.

भाऊजी खाली बसले. मुंबईहून आल्यापासून त्यांनी त्या पायाकडे पाहिलेलं नव्हतं, हे आक्कांनी मला मागाहून सांगितलं. आताही ते आधी दोऱ्याकडे पाहत होते, मग जमिनीकडे, आणि मग पायाकडे. दोरा बोटांभोवती घालायला गेले तो सुटला. पुन्हा घातला, पुन्हा सुटला. बरणी कधी न हललेले ते हात.

मान वर न करता ते म्हणाले, "दुखतं का गं?"

यमूने बापाच्या डोक्याकडे पाहिलं. केस कधी इतके पिकले, असं काहीतरी तिच्या मनात आलं असावं.

"न्हाय बाबा," ती म्हणाली. "लहानपणीच थांबलं दुखायचं. तुम्ही कधी विचारलंच न्हाय, मग सांगायचं राहिलं."

भाऊजींनी दोरा खाली ठेवला. तो पाय दोन्ही हातांत घेतला आणि माझी सुपारी फोडून झाली तरी सोडला नाही.